विमान गेटला लागतं कसं? जमिनीवरच्या सुरक्षेची गोष्ट

आपल्या या मालिकेत आज आपण विमानाबद्दल बोलणार आहोत, पण उडणाऱ्या नव्हे, उभ्या असलेल्या विमानाबद्दल. विमान धावपट्टीवर टेकलं की आपण सुटकेचा श्वास सोडतो. कोणी टाळ्या वाजवतं, कोणी लगेच मोबाइल सुरू करतं. आपल्या हिशेबी प्रवास संपलेला असतो. जमिनीवर काम करणाऱ्या माणसांचा मात्र सगळ्यात धोक्याचा अर्धा तास आता सुरू होणार असतो.

आजची बरीचशी उदाहरणं एकाच शहरातली आहेत: कोलकाता. डमडमचा जुना विमानतळ, १९९५ पासून नाव नेताजी सुभाषचंद्र बोस आंतरराष्ट्रीय विमानतळ. दोन समांतर धावपट्ट्या, २०१३ साली सुरू झालेलं नवं टर्मिनल, आणि पूर्व व ईशान्य भारताची बरीच हवाई वाहतूक इथूनच फिरते. मोठी विमानं, मधली विमानं आणि पंख्याची छोटी एटीआर, सगळी एकाच आवारात. त्यामुळे जमिनीवर काय काय चुकू शकतं, हे समजून घ्यायला हे ठिकाण चांगलं आहे.

तीन घटना, तिन्ही जमिनीवरच्या

पहिली घटना २२ डिसेंबर २०१५ ची, पहाटेची. एअर इंडियाचं एक एटीआर विमान जागेवर उभं होतं. जेट एअरवेजची एक बस आली आणि सरळ त्या विमानात घुसली. एटीआरचे पंख वरच्या बाजूला असतात आणि इंजिनं पंखाला लटकलेली असतात. त्यामुळे बस पंखाखाली शिरली आणि इंजिनापाशी अडकली. बसमध्ये किंवा विमानात प्रवासी नव्हते, कुणाला इजा झाली नाही. चालकाला डुलकी लागली असावी, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. म्हणजे बघा, वाऱ्या-वादळातून रोज ये-जा करणारं विमान एका बसमुळे निकामी झालं.

दुसरी घटना १० जुलै २०१९ ची, मध्यरात्रीनंतरची. स्पाइसजेटचं क्यू-४०० जातीचं विमान डमडमला उभं होतं आणि एक तरुण तंत्रज्ञ त्याच्या उजव्या मुख्य चाकांच्या कप्प्यात काम करत होता. त्या कप्प्याचे दरवाजे हायड्रॉलिक दाबावर चालतात. ते अचानक बंद झाले आणि तो मधे सापडला. तो वाचला नाही.

तिसरी घटना २७ मार्च २०२४ ची. एअर इंडिया एक्स्प्रेसचं चेन्नईला निघालेलं विमान धावपट्टीवर जायची परवानगी मिळण्याची वाट बघत थांबलं होतं. शेजारून इंडिगोचं दरभंग्याला जाणारं एअरबस निघालं होतं. त्याच्या पंखाचं टोक उभ्या विमानाच्या पंखाला लागलं. एका पंखाच्या टोकाचा तुकडा तुटून खाली पडला. दोन्ही विमानांत प्रवासी बसलेले होते. कुणी जखमी झालं नाही, पण डीजीसीएने इंडिगोच्या दोन्ही वैमानिकांना कामावरून बाजूला केलं आणि चौकशी लावली.

तिन्ही वेळा एकही विमान हवेत नव्हतं. एकदा गाडी विमानावर आली, एकदा विमानाचाच भाग माणसावर आला, आणि एकदा विमान विमानावर आलं. जमिनीवरचे बहुतेक अपघात या तीन प्रकारांतच बसतात.

वैमानिकाला पंख दिसत नाही

आता पहिला प्रश्न. इतका शिकलेला वैमानिक, समोर काच, मग पंख धडकतोच कसा?

उत्तर सोपं आहे. त्याला पंखाचं टोक नीट दिसतच नाही. ए-३२० चा पंखविस्तार साधारण ३४ ते ३६ मीटर असतो. वैमानिक अगदी पुढे नाकाशी बसतो आणि पंखाचं टोक त्याच्या कितीतरी मागे आणि सतराएक मीटर बाजूला असतं. मोठ्या विमानात तर खिडकीला गाल लावला तरी ते दिसणं कठीण. अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेने २०१२ सालीच सांगितलं होतं की मोठ्या विमानांना पंखाची टोकं दाखवणारे कॅमेरे किंवा तशी काही सोय हवी.

त्यात आणखी एक गंमत आहे. तुम्ही एसटी वळताना पाहिली असेल. पुढचा भाग आत वळतो आणि मागचा कोपरा बाहेर फेकला जातो. शेजारी स्कूटर लावली असेल तर तिला तो लागतो. विमानाचे पंख मागे झुकलेले असतात, त्यामुळे वळताना बाहेरच्या पंखाचं टोक आपण धरलेल्या अंदाजापेक्षा जास्त बाहेर जातं. सरळ जाताना जागा पुरेशी वाटते आणि वळताना तीच कमी पडते.

म्हणून जागा आधीच मोजून ठेवलेली असते. विमानांचे पंखविस्तारानुसार गट पाडलेले आहेत. ए-३२० आणि बोइंग ७३७ हे ३६ मीटरपर्यंतच्या ‘सी’ गटात येतात. या गटातलं विमान जागेवर लागताना त्याच्या टोकापासून शेजारच्या विमानापर्यंत, भिंतीपर्यंत किंवा खांबापर्यंत ४.५ मीटर मोकळी जागा हवी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्याहून मोठ्या विमानांना साधारणपणे ७.५ मीटर.

पण हा सगळा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे: विमान जमिनीवरच्या पिवळ्या रेषेवर असेल आणि शेजारचं विमानही त्याच्या जागेवर पूर्ण आत गेलेलं असेल. एक जण दोन मीटर अलीकडे थांबला की दुसऱ्याची मोकळी जागा गेली. वैमानिकाला रेषा दिसते, पंख दिसत नाही. रेषेवर विश्वास ठेवून तो चालतो, म्हणून ती रेषा पुसट होऊ न देणं हेसुद्धा सुरक्षेचंच काम आहे. कोलकात्याच्या पावसाळ्यात तिच्यावर पाणी साचतं, डिसेंबर-जानेवारीत धुकं उतरतं. तेव्हा हे किती महत्त्वाचं ठरतं, ते वेगळं सांगायला नको.

‘येऊ द्या, येऊ द्या... बस्स!’

एसटी स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर काय करतो? मागे उभा राहतो, पत्र्यावर थाप मारतो, ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो, आणि शेवटी ‘बस्स!’ विमानतळावरचा मार्शलर हेच काम करतो. फरक इतकाच की इंजिनाच्या आवाजात त्याचा शब्द ऐकू जाणार नाही, म्हणून तो हातातल्या चमकत्या दांड्यांनी बोलतो. दोन्ही हात डोक्यावर नेऊन दांड्यांची फुली केली की ‘थांबा’. ही खूण जगभर सारखी आहे. डमडमला शिकलेला मार्शलर दुबईत उभा राहिला तरी त्याची भाषा वैमानिकाला कळते.

मोठ्या विमानतळांवर बऱ्याच गेटांवर आता माणसाऐवजी भिंतीवर डिजिटल पाटी असते. ती विमानाकडे लेझरने बघते, डावीकडे सरका की उजवीकडे ते दाखवते आणि थांबायला किती मीटर उरले ते आकड्यांत सांगते. पण या पाटीला आधी सांगावं लागतं की कुठल्या जातीचं विमान येतंय. लांब विमान आणि आखूड विमान यांची थांबायची जागा वेगळी असते, कारण दरवाजा एरोब्रिजपाशी यायला हवा आणि इंजिन त्याच्यापासून लांब राहायला हवं. चुकीची जात निवडली तर पाटी अत्यंत अचूकपणे चुकीच्या जागी नेऊन उभं करेल. म्हणून पाटीवर आलेलं विमानाचं नाव वैमानिकाने वाचायचं, आणि जुळत नसेल तर जागेवरच थांबायचं.

विमान येण्याआधीही काम असतं. जागेवर एक फेरी मारतात आणि पडलेला स्क्रू, बॅगेचं तुटलेलं चाक, प्लॅस्टिकची पिशवी, सगळं उचलतात. इंजिन म्हणजे मोठा व्हॅक्यूम क्लिनर. समोर पडलेलं ते ओढून घेतं. मग सगळ्या गाड्या, शिड्या, ट्रॉल्या आखलेल्या रेषेच्या बाहेर आहेत का ते बघतात. एरोब्रिज पूर्ण मागे घेतलेला असतो. एक जरी वस्तू आत राहिली असेल तर विमानाला आत बोलवायचंच नाही.

लाल दिवा

आता आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा.

विमान थांबतं. वैमानिक ब्रेक लावतो आणि इंजिनं बंद करतो. पण इंजिन बटण दाबलं की पंख्यासारखं लगेच थांबत नाही, काही वेळ फिरत राहतं. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली एक लाल दिवा लुकलुकत असतो. या दिव्याचा अर्थ एकच: इंजिन चालू आहे किंवा चालू होणार आहे, जवळ येऊ नका. तो बंद झाला की मगच जमिनीवरची माणसं पुढे जातात.

का, ते ऐका. बोइंग ७३७ चं इंजिन अगदी मंद गतीवर असलं तरी समोर सुमारे तीन मीटरपर्यंत माणसाला ओढू शकतं. जोर वाढवला की हे अंतर चार मीटरच्या पुढे जातं. आणि ही ओढ हळूहळू जाणवत नाही. एका पावलापर्यंत काही वाटत नाही आणि पुढच्या पावलाला पाय सुटतात.

१६ डिसेंबर २०१५, मुंबई. एअर इंडियाचं ६१९ क्रमांकाचं विमान रात्री हैदराबादला निघालं होतं. ट्रॅक्टरने ते गेटपासून मागे ढकललं गेलं. खाली हेडसेट घातलेला तंत्रज्ञ अजून विमानापाशी होता. माणसं बाजूला झाली असं समजून विमान पुढे घेतलं गेलं आणि त्या तंत्रज्ञाला इंजिनाने ओढून घेतलं. कोलकात्याच्या बसची घटना यानंतर सहाच दिवसांनी घडली. एका आठवड्यात देशातल्या दोन मोठ्या विमानतळांवर जमिनीवर काय घडू शकतं, ते सगळ्यांना दिसलं.

३१ डिसेंबर २०२२, अमेरिकेतलं माँटगोमेरी शहर. एका छोट्या जेटचं एपीयू, म्हणजे उभं असताना वीज देणारं शेपटीतलं छोटं इंजिन, बिघडलेलं होतं. त्यामुळे गेटला लागल्यावरही वैमानिकांनी मुख्य इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं. लाल दिवा लुकलुकत होता. लांब राहा, असं आधी सांगितलंही गेलं होतं. तरी एक कर्मचारी जवळ गेली आणि तिचा जीव गेला.

दोन्हीकडे नियम होते. एकीकडे वरच्यांना वाटलं खालचे बाजूला झाले. दुसरीकडे दिवा पेटलेला असताना पाऊल पुढे पडलं. ‘वाटलं’ आणि ‘कळलं’ यातल्या फटीत माणूस जातो. म्हणून एसटीत जशी कंडक्टरची डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलत नाही, तसं विमानातही आहे: टोबार काढलाय, हेडसेट काढलाय, माणूस लांब जाऊन उभा राहिलाय आणि तिथून त्याने हात वर करून दाखवलंय, हे सगळं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विमान हलवायचं नाही.

चाकाखालचा ठोकळा आणि मग सगळी धावपळ

दिवा बंद झाला. आता चाकांना पुढून-मागून ठोकळे लावतात. घाटात ट्रक थांबला की क्लिनर चाकाखाली दगड सरकवतो ना, तेच. यांना चॉक म्हणतात. ते लागल्याची खूण वैमानिकाला केली जाते. मग पंखांच्या टोकांपाशी आणि इंजिनांपाशी नारिंगी कोन ठेवतात, म्हणजे गाडीवाल्याला कळावं की इथे वर काहीतरी आहे. आणि मग एरोब्रिज पुढे येतो. तुम्ही आत उभे राहून ‘दरवाजा का उघडत नाहीत?’ म्हणत असता, तेव्हा बाहेर हे चाललेलं असतं.

यानंतर खरी गर्दी. सामानाचा पट्टा, बॅगांच्या ट्रॉल्या, इंधनाची गाडी, खाण्याची उंच गाडी, पाण्याचा टँकर, संडास साफ करणारी गाडी, विजेची गाडी. स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांत एक ए-३२० साधारण अर्ध्या तासात रिकामं होऊन, भरून, परत निघायचं असतं. विमान जितका वेळ उभं, तितकं नुकसान. ही घाई हाच जमिनीवरचा मोठा शत्रू आहे.

म्हणून गाड्यांना शिस्त आहे. विमानाजवळ येताना चालत्या माणसाच्या वेगाने यायचं. आखलेल्या रेषेत शिरण्याआधी एकदा ब्रेक दाबून बघायचा, आणि विमानापासून काही मीटरवर पूर्ण थांबून पुन्हा. ब्रेक फेल असेल तर ते विमानापासून लांब असतानाच कळायला हवं. हा नियम कागदी वाटतो. पण नोव्हेंबर २०१८ च्या सुरुवातीला, पुन्हा कोलकात्यातच, दोह्याला जाणाऱ्या कतार एअरवेजच्या विमानाला पाण्याचा टँकर मध्यरात्रीनंतर येऊन धडकला, आणि कारण सांगितलं गेलं ते ब्रेकचंच. प्रवाशांचा प्रवास एक दिवस लांबला.

जून २०२५ मध्ये डीजीसीएने दिल्ली-मुंबईसह मोठ्या विमानतळांची तपासणी केली, तेव्हाही सामानाच्या काही ट्रॉल्या नादुरुस्त आणि काही गाड्या वेगनियंत्रकाशिवाय सापडल्या. त्या गाड्यांचे परवाने काढून घेतले, चालकांचे परवाने थांबवले.

आता कोलकात्याच्या त्या तंत्रज्ञाकडे परत येऊ. चाकांच्या कप्प्यात काम करायचं तर नियम काय असतो? दरवाजा आपोआप बंद होऊ शकणार नाही अशी अडसर-खीळ लावायची, कॉकपिटमध्ये ‘काम चालू आहे, हात लावू नका’ अशी पाटी टांगायची, आणि आत माणूस असताना हायड्रॉलिक दाब येऊ द्यायचा नाही. गावाकडे वायरमन खांबावर चढतो तेव्हा फ्यूज काढून खिशात घेऊन चढतो, म्हणजे खाली कुणी चुकून बटण दाबलं तरी वीज येणार नाही. तत्त्व तेच. दुसऱ्याच्या लक्षात राहील यावर आपला जीव ठेवायचा नाही.

लहानसा ओरखडा

मंडळी, कारला पार्किंगमध्ये ओरखडा उठला तर आपण हळहळतो आणि आठ दिवसांत विसरतो. विमानात तसं चालत नाही, कारण विमानाचं अंग हे फुग्यासारखं काम करतं. वर गेल्यावर आत दाब जास्त आणि बाहेर कमी असतो.

२६ डिसेंबर २००५ रोजी सिअ‍ॅटलहून अलास्का एअरलाइन्सचं एक विमान निघालं. निघण्याआधी सामान चढवणाऱ्याच्या गाडीचा त्याला धक्का लागला होता. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. विमान सुमारे २६,००० फुटांवर पोचलं आणि तिथेच पत्रा फाटून साधारण फूटभर लांबीचं भोक पडलं. केबिनमधला दाब गेला, ऑक्सिजनचे मास्क खाली आले. वैमानिकांनी विमान सुखरूप परत आणलं.

नव्या विमानांत हा प्रश्न आणखी अवघड आहे. बोइंग ७८७ सारख्या विमानाचं अंग कार्बन फायबरचं असतं. अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडला की दिसतो. कार्बन फायबर मात्र धक्का बसल्यावर परत जागेवर येतं. वरून ठीकठाक आणि आतले थर सुटलेले. तिथे एकच साक्षीदार असतो: गाडी चालवणारा.

म्हणून खरा प्रश्न हा आहे की तो सांगेल का? सांगितल्यावर नोकरी जाणार असेल, पगार कापला जाणार असेल, तर कंत्राटावर काम करणारा माणूस दहा वेळा विचार करेल. चांगल्या विमानतळांवर चूक स्वतःहून सांगणाऱ्याला संरक्षण देतात आणि लपवणाऱ्याला शिक्षा करतात. हे दयेपोटी नाही. न सांगितलेल्या धक्क्याची किंमत वर आकाशात दीडशे माणसं मोजतात.

किती मोठा आहे हा प्रश्न? फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने पूर्वी अंदाज केला होता की जगभरात एप्रनवर वर्षाला सुमारे २७,००० अपघात होतात, म्हणजे हजार उड्डाणांमागे साधारण एक. आणि आयाटाने २०२२ मध्ये म्हटलं की जमिनीवरच्या नुकसानीचा खर्च असाच वाढत राहिला तर २०३५ पर्यंत वर्षाला सुमारे १० अब्ज डॉलरवर जाईल.

कालबैसाखी आली की

कोलकात्याचा एक खास धोका आहे, तो म्हणजे वादळ. चैत्र-वैशाखात संध्याकाळी अचानक उठणारी कालबैसाखी आणि बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं. विमानाची उभी शेपटी म्हणजे एक मोठं शीड. जोराचा वारा बाजूने आला की हलकं विमान वातकुक्कुटासारखं वाऱ्याकडे तोंड करायला बघतं. लहान विमानं तर जमिनीतल्या कड्यांना दोरांनी बांधावी लागतात. मोकळ्या राहिलेल्या ट्रॉल्या आणि शिड्या वाऱ्याबरोबर घरंगळतात आणि उभ्या विमानांवर आदळतात.

मे २०२० मध्ये अम्फान आलं तेव्हा डमडमला पाणी साचलं आणि हँगरचंही नुकसान झालं. २६ मे २०२४ ला रेमल यायच्या आधी दुपारी १२ पासून २१ तास विमानतळावरची उड्डाणंच थांबवली. लोक वैतागले, पण वादळाआधी सगळं बांधून-छांदून ठेवायला वेळ लागतो, आणि तो आधीच घ्यावा लागतो.

आपण काय करायचं?

प्रवासी म्हणून आपल्या हातात थोडंच आहे, पण जे आहे ते करू या.

एक, पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत उठू नका. विमान गेटजवळ येताना शेवटच्या क्षणी मार्शलर फुली करू शकतो आणि वैमानिक जोरात ब्रेक मारू शकतो. वरचा कप्पा उघडून उभे असाल तर बॅग कुणाच्या तरी डोक्यात जाईल.

दोन, बसने उतरवलं तर आखलेल्या वाटेनेच चाला. सेल्फीसाठी पंखाखाली, इंजिनासमोर किंवा एटीआरच्या पंख्याजवळ जाऊ नका. मुलांचा हात सोडू नका. इंधन भरणं चालू असेल तर मोबाइल खिशातच राहू द्या.

तीन, खिडकीतून काही वावगं दिसलं, म्हणजे गाडीचा धक्का बसला, पंखाजवळ काही लागलं, तर लगेच केबिन क्रूला सांगा. ‘त्यांना माहीत असेलच’ असं समजू नका. सिअ‍ॅटलच्या त्या विमानाच्या वेळी ज्याला माहीत होतं तो एकच जण गप्प राहिला होता.

आणि चौथी गोष्ट नियमात नाही. दरवाजा उघडायला पाच मिनिटं उशीर झाला तर चिडू नका. खाली ४० अंशांच्या उन्हात किंवा डमडमच्या मुसळधार पावसात कुणीतरी लाल दिवा विझायची वाट बघत उभं आहे. त्याने वाट बघितलेलीच बरी.

भाग आवडला तर विमानतळावर काम करणाऱ्या तुमच्या ओळखीच्या माणसापर्यंत नक्की पोचवा, आणि यात काही भर घालायची असेल तर जरूर कळवा.